किसनरावांची सात खापरं

किसनराव कवेलू फेरायचे. नव्या पोरांना हे सांगून कळत नाही, म्हणून आधी तेच सांगतो. स्लॅब आणि टिनं, म्हणजे पत्रे, यायच्या आधी आमच्या वर्धा जिल्ह्यात घरांवर मातीची भाजलेली कवेलू असायची, उभ्या चिरलेल्या नळीसारखी. वर्षभर त्यांच्यावर माकडं नाचतात, मांजरं पळतात, वारा त्यांना सरकवतो. मग चैत्र-वैशाखात एक माणूस वर चढतो, सगळी कवेलू उचलतो, फुटकी खाली टाकतो, कचरा झाडतो आणि एकावर एक दाबून पुन्हा बसवतो. हे कवेलू फेरणं. घर गळलं नाही तर त्या माणसाची कोणाला आठवण येत नाही. गळलं तर पहिली शिवी त्यालाच.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते खालून. साल त्र्याण्णव. नालवाडीत असंघटित मजुरांची यादी करायचं मी मनावर घेतलं होतं. शाळा माझी सातवीत सुटली, पण फॉर्म भरण्यात मी कोणत्याही बाबूला हार जाणार नाही. एका घरासमोर उभा राहून मी वरच्या माणसाला त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, किसना, बाप डोमाजी. मी लिहिलं, किसनराव डोमाजी. घरमालकीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांना हसू आलं. म्हणाल्या, किसन्या, तू तं राव झाला रे. मी चिडलो आणि बाईंना दोन शब्द ऐकवले. वरून आवाज आला, "भाऊ, तुमी जासाल निंगून. मले आजूक दोन दिवस याच घरचं पानी प्यायचं हाये."

मी पुढचे रकाने विचारले. वय, गाव, घरात माणसं किती. कामावर असताना अपघात झाला का, असाही एक रकाना होता. तोवर ते सावकाश, कवेलू बसवता बसवता उत्तरं देत होते. या प्रश्नाला हात थांबला.

"नाई. कदीच नाई. लिहा, नाई. माहा बापबी कदी पडला नाई."

बाप पडला का, हे मी विचारलं नव्हतं. पण मी लिहिलं, नाही.

पुढे मला समजलं की या कामाचा एक कडक रिवाज आहे. कवेलू फेरणारा एकदा छपरावरून पडला की त्याला पुन्हा कोणी वर चढवत नाही. लोक म्हणतात, पडलेल्याचे पाय घराला धार्जिणे नसतात. खरं कारण सरळ आहे. पडलेला माणूस पुन्हा पडला तर आपल्या आंगनात पडेल आणि झंझट आपल्या गळ्यात येईल. मी या रिवाजावर तीन ठिकाणी भाषण केलं. टाळ्या पडल्या. रिवाज आहे तिथेच राहिला.

त्या दिवशी काम आटोपल्यावर ते खाली उतरले, पण हातपाय धुतले नाहीत. फुटक्या कवेलूंच्या ढिगापाशी बसले, तळहाताएवढे सात तुकडे वेचले आणि आंगनातल्या दगडावर घासून त्यांच्या कडा गोल करत बसले. घरच्या दोन पोरी जवळ येऊन उभ्या राहिल्या. किसनरावांनी सातही तुकडे एकावर एक रचले. कवेलूचा तुकडा थोडा वाकडा असतो, त्यामुळे तो दुसऱ्यावर नीट बसतो. मग त्यांनी पोरींना विचारलं, "याले तुमच्याइथं काय म्हनते?"

पोरी म्हणाल्या, लगोरी. त्यांनी मान हलवली, जशी काही पावती मिळाली, आणि मग हात धुवायला गेले.

खेळ सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूनं चेंडू मारून रास पाडायची. चेंडू दुसरी बाजू पकडते. पाडणाऱ्यांनी धावत येऊन रास पुन्हा रचायची, आणि दुसऱ्यांनी त्याआधी त्यांना चेंडूनं टिपायचं. रचून झाली की खेळाचं नाव जोरात ओरडायचं. किसनराव म्हणायचे, नाव विचारायची तशी गरजच नाही, छपरावर बसून नुसतं ऐकावं. नालवाडीत लगोरी. समुद्रपूरकडे वळलं की लिंगोरचा. कारंजा घाडगेला हायवेवर ट्रकवाल्यांची हिंदी, तिथे पिट्टू. त्याच कारंज्यात बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या पोरांचं सतोलिया, आणि हे दोन्ही एकाच गल्लीत ओरडलं जायचं. एका खेड्यात नुसतं सातखापरी. कुठे दगड सात, कुठे नऊ. कुठे डोक्याला चेंडू लागला तर मारणारा बाद, कुठे रडणारा बाद. दरवर्षी दोन महिने ते गावोगाव फिरत, आणि प्रत्येक घरी सात खापरं घासून ठेवल्याशिवाय निघत नसत. ही रीत त्यांच्या बापाची, डोमाजीची.

ओळख वाढल्यावर त्यांनी मला आपला सिद्धांत सांगितला. सिद्धांत हा शब्द माझा. ते म्हणायचे, "माह्या बापाची गोठ," म्हणजे गोष्ट. हा खेळ कवेलू फेरणाऱ्यांनी काढला.

"पाहा ना भाऊ. आमी काय करतो? सारं छप्पर पाडतो. मंग पानी यायच्या आंदी पुन्हा रचतो. रचलं तं जितलो, पानी लागलं तं हारलो. खेळातबी तेच हाये. चेंडू म्हंजे पानी. बापानं गावोगाव नेला हा खेळ. लंगडत नेला."

डोमाजी लंगडे होते. लहानपणी बैलानं लाथ मारली म्हणून, असं किसनराव सांगायचे.

मला ही गोष्ट भयंकर आवडली. कष्टकऱ्याच्या कामातून खेळ निघाला, आणखी काय पाहिजे? मी ती सभांमध्ये सांगायला लागलो. पुरावा कोणी मागितला तर मी त्यालाच उलटा विचारायचो, तुझ्याकडे काय पुरावा आहे?

मग छपरं गेली. एका दिवसात नाही गेली. आधी रस्त्याकडच्या घरांवर टिनं आली, मग घरकुलांचे स्लॅब. ज्या गावात किसनराव पंधरा दिवस राहायचे तिथे तीन दिवसांचं काम उरलं, मग एका गोठ्याचं, मग काहीच नाही. सत्त्याण्णवनंतर त्यांचा उजवा गुडघा धरायला लागला. विचारलं की म्हणायचे, वात हाये. दोन हजार सालानंतर ते बहुतेक नालवाडीच्या पानठेल्याजवळच्या बाकावर दिसायचे. चैत्र लागला की उठून चार घरांकडे चक्कर मारायचे आणि परत येऊन बसायचे. मीही तोवर थकलो होतो. आमची मजुरांची संघटना फुटून तिच्या दोन झाल्या होत्या आणि दोन्हीकडचे लोक मला दुसरीकडचा समजत होते.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर बंडोपंत माझ्याकडे आले. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले कारकून, अक्षर मोत्यासारखं, बोलणं जपून. जिल्ह्यातल्या गावखेळांची एक पुस्तिका निघणार होती आणि एका समितीनं मजकूर जमवायचं काम त्यांच्यावर टाकलं होतं. खेळाची वेगवेगळी नावं, तो कसा आला, आणि माहिती कोणी दिली. मी त्यांना तसंच उठवून पानठेल्यावर नेलं.

किसनराव दोन तास बोलले. गावांची नावं ते घेतच नव्हते. म्हणायचे, "ते नाई का, एका बाजूनं उतार अन् दुसऱ्या बाजूले वडाची फांदी टेकलेली, त्या घरचे पोट्टे लिंगोरचा म्हनत." बंडोपंत पेन धरून बसले. मी मधे पडून गाव कोणतं ते काढून द्यायचो. नावं सगळी लिहून झाली. मग बापाची गोष्ट निघाली आणि बंडोपंतांनी टोपण लावलं.

ते म्हणाले, हे असं लिहिता येणार नाही. कारंज्याच्या ताराचंदशेठनीही लिहून दिलं आहे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि सतोलिया घेऊन आले. त्यावर दोन म्हाताऱ्यांच्या सह्या आहेत.

मी उसळलो. व्यापाऱ्याच्या सह्या चालतात आणि मजुराचं तोंडी चालत नाही का, असं बरंच काही बोललो. पानठेल्यावर माणसं जमली. बंडोपंतांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता किसनरावांना म्हणाले, "तुमच्या वडलांना खेळ आणताना पाहिलेलं एक माणूस द्या. एकच द्या. मी डोमाजींचं नाव घालतो."

बंडोपंत गेले. मी म्हटलं, जाऊ द्या, नाही तर नाही. तेव्हा किसनराव जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाले, घर ज्याचं त्याच्या नावानं असते. कवेलू कोण्या कुंभाराची हाये हेबी लोक सांगते. माह्या बापानं चाळीस वर्सं घरं राखली, त्याचं नाव कुठंच नाई. ना सातबाऱ्यावर, ना शाळेत, ना कुठल्या भिंतीवर. "एका कागदावर तं येऊ द्या, भाऊ."

मग त्यांनी भागीरथाबाईंचं नाव काढलं. समुद्रपूरच्या पुढे धामणझरी नावाचं गाव. बाप सांगायचा की सगळ्यात पहिलं घर तेच, सगळ्यात पहिली सात खापरं तिथेच घासली. त्या घरची भागीरथा तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. लग्नानंतरही ती त्याच घरात राहिली. जिवंत असेल तर ऐंशीची असेल.

निघण्याआधी मी कागद तयार केला. स्टॅम्पपेपर नव्हता, पण भाषा तशीच होती. "सात खापरांचा हा खेळ डोमाजी यांनी आमच्या गावी प्रथम आणला, हे मी समक्ष पाहिले आहे." खाली अंगठ्याला जागा. शाईचा पॅड खिशात. असे कागद मी शेकड्यानं केले आहेत. कामाची माणसं थकलेली असतात. त्यांना पुन्हा पुन्हा बोलायला लावण्यापेक्षा कागद तयार असलेला बरा, असं माझं मत होतं.

सकाळच्या एसटीनं निघालो. दुपारी फाट्यावर उतरलो आणि दीड कोस चाललो. किसनराव गुडघ्यावर हात ठेवून चालत होते. वाटेत मी ताराचंदला शिव्या देत होतो. चार दिवसांपूर्वी बाजारात तो मला भेटला होता आणि हसून म्हणाला होता, "भाऊ, नाव तुमचं ठेवा, खेळ आमचा राहू द्या." किसनराव ताराचंदवर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस भित्रा आहे.

गावात शिरलो आणि किसनराव थांबले. डावीकडे गेले, परत आले. उजवीकडे गेले, एका हातपंपापाशी उभे राहिले. मला आधी कळेना. पंचवीस-तीस वर्षं ज्या गावात आले त्या गावात हा माणूस हरवला होता. कपाळावर घाम. मी विचारलं, काय झालं?

"मले हे गाव खालून माहीत नाई, भाऊ."

मग उलगडलं. ते सकाळी वर चढायचे, संध्याकाळी उतरायचे. गाव त्यांनी वरूनच पाहिलं होतं. कोणाचं छप्पर कोणाला लागून, कुठे उतार, कुठे नवी कवेलू लाल दिसतात, कुठे जुनी काळी. तो सगळा नकाशा छपरांचा होता आणि छपरं राहिली नव्हती. आता चौकोनी घरं, निळा-गुलाबी चुना, वर पाण्याच्या काळ्या टाक्या.

मी लोकांना विचारू लागलो. भागीरथाबाई म्हटलं की कोणी म्हणे वारल्या, कोणी म्हणे कोणत्या, तीन होत्या. एका पोरानं आम्हाला भलत्याच भागीरथाबाईंकडे नेलं, त्या पन्नाशीच्या निघाल्या आणि रागावल्या.

तेवढ्यात किसनराव एका स्लॅबच्या घराच्या बाहेरच्या जिन्यानं वर चढायला लागले. घरातला माणूस बाहेर आला. कोन हाये, काऊन चढून राह्यले? मी त्याची समजूत घालेपर्यंत हे वर पोचले होते. दुखऱ्या गुडघ्यानं एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढले होते. वर उभे राहून त्यांनी हाताचा आडोसा केला आणि गावावर नजर फिरवली. बराच वेळ. मग बोट दाखवलं. नाल्याचं वळण तेच होतं, चिंच तीच होती. चिंचेपासून तिसरं घर.

ते घर टिनाचं झालं होतं. भागीरथाबाई जिवंत होत्या. आंगनात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, दिसत कमी होतं पण कान शाबूत. किसनरावांनी ओळख सांगितली. म्हणाले, डोमाजीचा मुलगा. म्हातारीनं शेंगा बाजूला ठेवल्या.

"लंगड्या डोम्याचा? ये, बस बापा. भाकर खाल्ली का?"

सुनेनं चहा आणला. मला घाई होती, पाचची गाडी होती. मी बाईंना मोठ्यानं सांगितलं की खेळाबद्दल सरकारी पुस्तक निघत आहे, डोमाजींचं नाव त्यात येणार, तुमचा अंगठा पाहिजे. पॅड उघडून त्यांचा हातही धरला. त्यांनी हात काही मागे घेतला नाही. असे हात मी फार पाहिले आहेत. ते मागे येत नाहीत, आणि त्यात आपण फायदा घेतो.

किसनराव म्हणाले, "भाऊ, वाचून दाखवा तिले."

मी म्हटलं, गाडी चुकेल. ते म्हणाले, चुको.

मी वाचलं. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग हसली. दात नव्हते, नुसत्या हिरड्या दिसल्या.

"आनला? त्यानं काऊन आनला? खेळ तं आमचाच होता. नाल्यातल्या चपट्या दगडाचा खेळत होतो आमी. त्याले आमीच शिकवला."

मी म्हटलं, तुम्ही तेव्हा लहान होता, तुम्हाला नीट आठवत नसेल. त्यांनी माझ्याकडे मान वळवली, नीट दिसत नसताना.

"मले नाई आठवत तं मंग कोनाले आठवते? तो पडला तवा मीच पाह्यला."

 मग त्यांनी सांगितलं, सावकाश, मधे मधे शेंगा चाचपत. डोमाजी पहिल्यांदाच गावात आला होता, विशीतला पोरगा. त्यांच्याच घरावर चढला आणि पहिल्याच दिवशी वळचणीवरून खाली आला. मांडीचं हाड गेलं. भागीरथाबाईंच्या बापानं त्याला हाकललं नाही. गोठ्यात खाट टाकून दिली. दीड महिना तो तिथेच पडून होता. पोरं त्याच्याभोवती खेळायची. दगडांची रास नीट बसत नव्हती, सारखी घसरायची. त्याला हलता येत नव्हतं, हात तेवढे मोकळे होते. त्यानं फुटकी कवेलू मागवली आणि पडल्या पडल्या सात खापरं घासून दिली. नाल्यातले दगड पोरांनी फेकून दिले. जाताना तो तिच्या बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, मी पडलो हे कोणाला सांगू नका. बापानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. कोणी विचारलं तर सांगायचं, बैलानं लाथ मारली.

"मीबी नाई सांगितलं कोनाले," म्हातारी म्हणाली. "आता तो गेला, बाप गेला, तो बैलबी गेला. तू पोरगा हायेस म्हनून सांगून राह्यली."

किसनराव आपल्या हातांकडे बघत बसले होते. नखांत काळं असायचं ते आता नव्हतं, काम नव्हतं ना. मी कागद घडी करून खिशात घातला. निघताना किसनराव म्हातारीच्या पाया पडले. तिनं चाचपून त्यांचा गुडघा धरला आणि विचारलं, हे काय झालं? ते म्हणाले, वात.

पाचची गाडी चुकली. फाट्यावर सहा वाजेपर्यंत बसलो. मी सुचवलं की अजूनही करता येईल. पडण्याचं सोडून देऊ, खापरं घासायची रीत डोमाजींनी काढली एवढं लिहू, ते तर खरंच आहे. किसनराव म्हणाले, कशी काढली ते लोक विचारतीनच. तिथंसा बसून काऊन घासत होता, काम सोडून? मग काय सांगसाल?

मी म्हटलं, खोटं सांगू. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच कसंतरी झालं.

गाडीत बसल्यावर, हिंगणघाट मागे पडल्यावर, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीबी पडलतो, भाऊ."

सत्त्याण्णव साली. कारंज्याला, ताराचंदशेठच्या गोदामावरून. दुपारची वेळ होती, आजूबाजूला कोणी नव्हतं, एकटा ताराचंद दारात उभा होता. त्यानं उचलून आत नेलं, स्वतः शेक दिला, संध्याकाळी आपल्या गाडीतून नालवाडीला पोचवलं. सहा वर्षं झाली, त्यानं कोणाला सांगितलं नाही. त्यानंतरही दोन चैत्र किसनराव गावोगाव वर चढत राहिले, तो गुडघा घेऊन, कारण पडल्याचं कोणाला माहीत नव्हतं.

आणि मी त्याच माणसाला वाटभर शिव्या दिल्या होत्या. 

वर्धा जवळ आलं तेव्हा किसनराव म्हणाले, "लिहा. जसं हाये तसं लिहा. पडला, तिनं शिकवलं, त्यानं घासले. आता मले तरी कोन वर बलावते?"

दुसऱ्या दिवशी मी दीड पान लिहिलं. सांगणारीचं नाव भागीरथाबाई, वय अंदाजे ऐंशी, धामणझरी. डोमाजीचं पडणं, दीड महिना, खापरं. खेळ कोठून आला याच्यापुढे लिहिलं, माहीत नाही, आधीपासून होता. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बंडोपंतांनी कागद उभ्यानं वाचला, मग बसून पुन्हा वाचला. म्हणाले, मी पाठवतो. ताराचंदशेठचंही पाठवलं होतं.

पुस्तिका फेब्रुवारीत आली. पातळ, मुखपृष्ठावर पतंग. लगोरीला एक ओळ मिळाली होती: "या खेळास लिंगोरचा, पिट्टू, सतोलिया अशीही नावे आहेत." बास. ना ताराचंदचे पणजोबा, ना भागीरथाबाई, ना डोमाजी. सातखापरी तर नावातही नव्हतं. मी बंडोपंतांच्या घरी जाऊन आवाज चढवला. ते दारात उभे होते, हातात तीच पुस्तिका. म्हणाले, पानं कमी केली, मला विचारलं नाही. त्यांचं नावही नव्हतं पुस्तिकेत. माझा आवाज आपोआप खाली आला. एरवी मी भांडून अर्ज केले असते, वर्तमानपत्रात पत्र दिलं असतं. त्या दिवशी घरी येऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी पुस्तिका घेऊन पानठेल्यावर गेलो आणि ती ओळ वाचून दाखवली. किसनरावांनी विचारलं, "बापाचं नाव?"

"नाही आलं."

"पडला ते?"

"तेही नाही."

ते बराच वेळ बाकाच्या कडेवर बोट घासत राहिले, खापर घासल्यासारखं. मी वाट पाहत होतो की आता हा माणूस काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल. ते मान वर करून पानठेलेवाल्यानं ऐकलं का ते पाहत होते.

"मंग माह्यंबी नका सांगू कोनाले," ते हळू आवाजात म्हणाले. "प्रभाकररावाच्या गोठ्यावर कवेलू हायेत अजून. माह्यामागं काय लिहायचं ते लिहा."

मी कबूल केलं, आणि ते होते तोवर पाळलं. ते उठले, गुडघ्यावर हात न ठेवता, लोक बघतात म्हणून, आणि प्रभाकररावांच्या घराकडे चालायला लागले. चैत्राला महिना होता, पण आधी सांगून ठेवलेलं बरं, असं जाता जाता म्हणाले.

प्रभाकररावांनी त्यांना हो म्हटलं होतं. चैत्रात किसनराव सकाळी सातला तिथे जाऊन उभे राहिले तेव्हा गोठ्यावर टिनं ठोकणं चालू होतं. काढलेली कवेलू आंगनात एका बाजूला रचून ठेवली होती, शाबूत आणि फुटकी एकत्रच. प्रभाकरराव ओशाळले, म्हणाले पोरानं परस्पर टिनं आणली, चहा घेऊन जाजो. किसनरावांनी चहा घेतला. मग ढिगापाशी बसून सात तुकडे वेचले, दगडावर घासले आणि रचून ठेवले. घरात पोरं होती, पण ती परीक्षेला गेली होती. याला इथे काय म्हणतात, हे विचारायला त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं.